परसातील फुले आणि त्यांचे पाहुणे

(वार्षिकोत्सवप्रसंगी महाजनमंडळींसमोर केलेले भाषण)



उत्सवाच्या मंडपात किडामुंगीविषयी बोलावयास उभे राहणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु जे फूल आपण देवाला वाहतो ते मुळात फुलते कोणासाठी, याचा थोडा विचार करण्यास हरकत नसावी. म्हार्दोळची जाई घ्या. श्रीमहालसेच्या देवळातील जायांची पूजा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ही कळी तिन्हीसांजेला उमलते, पांढरी असते आणि रात्री दरवळते. कारण तिचे बोलावणे अंधारात हिंडणाऱ्या पतंगांना असते. आपल्या वाट्याला येतो तो त्या निमंत्रणाचा उरलेला सुगंध.

परसातील भाजीचेही तसेच. भोपळा, दोडका, पडवळ यांच्या वेलीवर नरफुले निराळी आणि मादीफुले निराळी. पराग कोणीतरी वाहून न्यावा लागतो. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात मधमाशी फिरकली नाही तर मागचे इवलेसे फळ पिवळे पडून गळते. दोडका संध्याकाळी फुलतो, पडवळाची झालरीदार फुले रात्री. एकाच मांडवावर अशा पाळ्या चालतात. वांग्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा पराग नळीसारख्या कोशात कोंडलेला असून टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा तो भुरभुर झडतो. वाऱ्यानेही थोडे काम भागते, पण भुंग्याची सर त्याला नाही. आणि सातेरी मधमाशीला तर ही विद्या अवगतच नाही.

सातेरी म्हणताच गोमंतकीयाला वारुळाच्या रूपातील देवी आठवावी हे स्वाभाविक आहे. त्या नामसाम्याचा उलगडा भाषापंडितांनी करावा. ही माशी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत आणि कधी ओसाड वारुळातही पोळे करते.

असे पाहुणे नसले म्हणजे काय होते, हे शेजारच्या कर्नाटकातील व्हॅनिलाच्या बागांत दिसते. ही वेल मूळची मेक्सिकोकडची. तिला फळवणारी माशी इकडे नाही. म्हणून प्रत्येक फूल माणसाला सकाळी काडीने फळवावे लागते. ही युक्ती १८४१ साली रेयुनियाँ बेटावरील एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवून दिली. मसाल्याच्या मोलामुळे ती मजुरी परवडते. भोपळ्याला कशी परवडणार?

आता आपल्या घरांकडे वळू. शेणाने सारवलेल्या अंगणाच्या कडेला पूर्वी उघडी माती राहत असे. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या अशा मातीत बीळ करून अंडी घालतात. आज आपण दारापासून फाटकापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवतो, उरलेल्या जागी विलायती हिरवळ लावतो आणि त्याला बाग म्हणतो. माझ्या मते ते नुसते जाजम आहे. कोपऱ्यात हातभर माती मोकळी ठेवावी. वाळके खोड किंवा बांबू असू द्यावा, त्यात भुंगा घर करतो. झुपकेदार दुहेरी जास्वंदीत केसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून एकेरी जास्वंद बरी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची आपली रीत आहे, ती चालू द्या. पण दोन-चार रोपांवर तरी त्या राहू द्याव्यात. पावसात तेरडा, पुढे झेंडू, शेवगा, कढीलिंब असा फुलांचा क्रम लागला म्हणजे पाहुणे उपाशी जात नाहीत.

लिंबाच्या पानावर हिरवी अळी दिसली की आपण फवारणीची पिचकारी शोधू लागतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून गौरवलेल्या नीलवंताचे बालपण अशाच पानांवर जाते. औषध मारणे अगदीच अटळ असेल तर सूर्यास्तानंतर मारावे, आणि वेल फुलावर असताना मुळीच मारू नये.

शेवटी देवळाविषयी. शिखरावर किंवा वडावर आग्या माश्यांचे पोळे बसले म्हणजे जत्रेपूर्वी धूर करून ते जाळावे, अशी सूचना येते. आग्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो, तेव्हा ही भीती खोटी नाही. परंतु ही माशी फिरस्ती आहे. हंगाम संपला की पोळे सोडून जाते आणि पुढल्या वर्षी बहुधा त्याच जागी परतते. जाळून तिचा कायमचा बंदोबस्त होत नाही. उलट चवताळलेल्या माश्या जत्रेकरूंवरच तुटून पडतात. त्या दिवसांत पोळ्याखालून जाणारी वाट बंद करावी, तेथे दारूकाम व धूर होऊ देऊ नये, आणि पोळे हलवणे भागच असेल तर जाणकार माणसाकडून हलवावे, एवढी विनंती मी कार्यकारी मंडळास करतो.