मिसिरलू, जान पहचान हो आणि आपला तारपा

सूर्यमाळवर जिथे रेंज येते तिथे थांबून एपिसोड डाउनलोड करून घेणाऱ्या सगळ्यांना खास नमस्कार. आज सर्फ रॉक. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं गिटार संगीत, आणि ते ऐकायचं मोखाड्याच्या डोंगरात बसून. चालतंय!

अल्बम आहे डिक डेलचा 'सर्फर्स चॉइस', 1962 सालचा. डेल डावखुरा. त्याच्या गिटारचा आवाज इतका मोठा असायचा की लिओ फेंडरला त्याच्यासाठी जास्त ताकदीचे अँप्लिफायर बनवावे लागले. पण मला जास्त मजा वाटते ती यादीची. 'स्लूप जॉन बी' हे बहामा बेटांवरचं लोकगीत. 'फॅनी मे' हे बस्टर ब्राउन या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं. आणि 'मिसिरलू ट्विस्ट'. 'मिसिरलू' म्हणजे इजिप्तची मुलगी. ही धून ग्रीक, तुर्की, अरब अशा सगळ्या वस्त्यांत वाजायची. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, त्यामुळे त्याच्या कानात ती घरातूनच होती. त्याने ती एका तारेवर भन्नाट वेगात वाजवली. तुम्ही ऐकली असेल ती 'पल्प फिक्शन' सिनेमात, 1994 च्या. ते रेकॉर्डिंग वेगळं, अल्बममधलं वेगळं, पण धून तीच.

आता हार्मोनियमवर बोट ठेवा. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी. मिसिरलूचे स्वर हेच. भैरव थाट! राग भैरव नव्हे हं, रागाची चाल वेगळी असते. पण पहाटेच्या रेडिओवर भैरव ऐकलेल्या माणसाला ही धून परकी वाटत नाही, त्याचं कारण हे.

बरं, ही धून केली कुणी? रेकॉर्ड 1927 चं सापडतं. 1941 मध्ये निक रुबानिस नावाच्या ग्रीक-अमेरिकन संगीतकाराने तिची नवी मांडणी केली आणि संगीतकार म्हणून स्वतःचं नाव लावलं. झालं! पुढे कितीतरी रेकॉर्डवर तेच नाव. मिसळण्याबद्दल माझी तक्रार शून्य. नाव गायब होतं, तिथे मला खटकतं.

आपल्या मुंबईत तरी काय वेगळं? 1965 चा 'गुमनाम', दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. त्यातलं 'जान पहचान हो' म्हणजे अस्सल सर्फ गिटारचा बाज, त्यावर रफीसाहेब, आणि नाचतेय लक्ष्मी छाया. 2001 मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन सिनेमा याच गाण्याने सुरू झाला. पडद्यावर ड्रमवर 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' असं बँडचं नाव दिसतं. पण स्टुडिओत वाजवणाऱ्यांची नावं तेव्हा रेकॉर्डच्या लेबलवर छापतच नसत. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर होते गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा. कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार, हे नोटेशनमध्ये लिहून देण्याचं काम त्यांचं. ऱ्हिदम सांभाळायचे दत्ताराम वाडकर. किती जणांना माहीत आहेत ही नावं? आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते एका कमांडवर कळतं, चुकलेली ओळसुद्धा! गाण्याला तेवढीही सोय नाही.

आता घरचं बोलू. भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण, एवढ्यातून तारपा बनतो. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, आणि तो सूर बदलेल तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा यांच्यासारखे कलाकार आपल्याला नावाने माहीत आहेत. पण लग्नाच्या डीजेवर जे तारपा रिमिक्स वाजतात, त्यांची फाइल उघडून बघा. डीजेचं नाव, साउंडचं नाव, एडिटिंग करणाऱ्याचा मोबाइल नंबर. तारपा कुणी वाजवला? कोरं. बाबा जिवंत आहे, शेजारच्या पाड्यावर राहतो, आणि त्याला माहीतही नाही की त्याचा सूर नाशिकपर्यंत वाजतोय.

पोरांनो, रिमिक्स करा, बिनधास्त. तारप्याखाली सर्फ गिटार घाला, मला लिंक पाठवा. पण पाठवण्याआधी पाड्यावर जाऊन बाबांना विचारा, पैसे आले तर वाटा ठरवा, आणि फाइलच्या नावात पहिलं नाव त्यांचं टाका. अशा फाइल आल्या की एक अख्खा एपिसोड त्यांचाच.