प्रवाहाची वांटणी

बीड शहराजवळील खजाना विहीर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या काळीं बांधलेल्या या विहिरींतून भुयारी वाटेनें बलगुजार भागांतील शेतांस पाणी नेण्याची योजना केलेली आहे. पुढें तें पाणी कोणत्या वाफ्यांत सोडावयाचें, हें दारें धरणारा ठरवितो. संगणकाच्या कामांतही असेंच दारें धरावें लागतें; त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

संगणकास शब्द लिहून आज्ञा देण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांनीं 1964 सालीं अशी कल्पना मांडली कीं, बागेंतील रबरी नळीचे तुकडे जोडावे तशी एक आज्ञा दुसरीस जोडतां यावी. 1973 सालीं केन टॉम्प्सन यांनीं ती युनिक्स प्रणालींत उतरविली. या जोडास ‘पाइप’ म्हणतात. त्यांतून एकीचें फलित दुसरीच्या मुखीं पडतें.

परंतु एकच प्रवाह अनेक आज्ञांस द्यावयाचा असेल तर? ऊसतोडीसाठीं परगांवीं जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची एक यादी आहे, ओळीस एक नांव, असें समजा. एका आज्ञेनें एकूण मुलें मोजावयाचीं, दुसरीनें मुलींचीं नांवें निवडावयाचीं. येथें दोघींसही संपूर्ण यादी हवी. हें काम ‘टी’ ही आज्ञा करते. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या नळजोडावरून तिला हें नांव मिळालें. पाटाचें पाणी दोहोंकडे वळविलें कीं निम्में होतें. अक्षरांची मात्र नक्कल होते, आणि दोन्ही वाटांस पूर्ण प्रवाह मिळतो.

याउलट तीन आज्ञांनीं मिळून एकच यादी तपासावयाची असेल, तर प्रत्येक ओळ एकीकडेच गेली पाहिजे. त्यासाठीं ‘स्प्लिट’ आहे. तिच्या ग्नू आवृत्तींत ‘फिल्टर’ हा पर्याय घेतल्यास ती ओळी पाळीपाळीनें तिघींस वांटूं शकते. येथें चुकून टी योजली, तर प्रत्येक मूल तीनदां मोजलें जाईल. आणि मोजणीच्या जागीं स्प्लिट योजली, तर कोणासही संपूर्ण यादी दिसणार नाहीं.

आणखी एक सावधगिरी. वांटणी ओळींनीं करावी, बाइटांनीं नव्हे. यूटीएफ-८ लेखनपद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. ‘केज’ या नांवांत क, त्यावरील मात्रा आणि ज अशीं तीन चिन्हें, म्हणजे नऊ बाइट. ठराविक बाइट मोजून कापूं गेल्यास चिन्हच मध्यें तुटूं शकतें, आणि तें नांव कोणत्याही भागांत धड वाचतां येत नाहीं.

दाऱ्याबाहेर गेलेलें पाणी जमिनींत मुरतें, एखाद्या बांधावरचें झाड तरी त्यावर जगतें. यादींतून निसटलेल्या नांवाचा उपयोग मात्र कोणासच नाहीं. म्हणून वांटणीनंतर प्रत्येक भागांतील ओळी मोजाव्या व त्यांची बेरीज मूळ यादीशीं ताडून पाहावी. हा नियम हजेरीपटाइतका साधा आहे; पण एखाद्या मुलाची हंगामी वसतिगृहांतील जागा त्यावरच अवलंबून असूं शकेल.