जुन्या मोटारीचा नवा धनी



अर्धशतकापूर्वी कारखान्यातून बाहेर पडलेली एखादी मोटार आपल्या दारी आणावी, स्वतःच्या देखरेखीखाली तिची निगा राखावी आणि सणासुदीला सहकुटुंब तिच्यातून फेरफटका करावा, अशी अभिलाषा बाळगणारे अनेक गृहस्थ आपल्या समाजात आहेत. त्यांपैकी ज्यांनी अशी मोटार नुकतीच घेतली आहे किंवा घेण्याचा निश्चय केला आहे, त्यांच्याशी आज चार गोष्टी बोलाव्यात असा माझा हेतू आहे.

कोणती मोटार घ्यावी, हा पहिला प्रश्न. इंग्लंडातील शौकीन मंडळी ‘विंटेज’ हे बिरुद 1930 अखेरपर्यंतच्या मोटारींनाच देतात. परंतु तशा मोटारीचा एखादा दंतचक्राचा दात तुटला तर तो नव्याने घडवून घ्यावा लागतो, आणि प्रथमच या वाटेला लागलेल्याने इतके ओझे शिरावर घेऊ नये. त्याने आपल्या मुलखात बनलेली मोटार निवडावी. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, आपले वडीलधारे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत त्या गाडीनंतर, 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईत 2023 पर्यंत ती टॅक्सी म्हणून धावत असल्यामुळे तिचे 1089 सी.सी.चे इंजिन आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आजही भेटतात, आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने शोध घेतला तर तिचे सुटे भागही हाती लागतात.

गाडी पसंत पडली तरी इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी दस्तऐवज उघडावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर नोंदणीपुस्तकातील नोंदींशी ताडून पाहावेत. नोंदणीची पंधरा वर्षांची मूळ मुदत संपल्यानंतर दर पाच वर्षांनी व्हावयाचे नूतनीकरण झाले आहे काय, मूळ मालक हयात नसल्यास वारसांची संमती रीतसर लेखी आहे काय, आणि गाडी परप्रांतातील असल्यास तेथील ना हरकत दाखला मिळाला आहे काय, या सर्व बाबींची खातरजमा झाल्याखेरीज बयाणा देऊ नये. त्यानंतर पत्रा तपासावा. समुद्रकाठच्या दमट हवेत वाढलेल्या गाडीची जमीन, दाराखालची पट्टी आणि चाकांवरच्या कमानी आतून पोखरल्या गेलेल्या असण्याचा फार संभव असतो, आणि वरून दिलेला ताजा रंग हा दोष झाकतो. यास्तव रंग ताजा दिसेल तेथे तपासणी अधिक कसोशीने करावी.

गाडी घरी आली म्हणजे किल्ली फिरवून पाहण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतील पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसलेला असतो आणि टाकी आतून गंजलेली असते. म्हणून जुने पेट्रोल काढून टाकी धुवावी, कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करावा, इंजिनातील ऑइल बदलावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन प्रथम हाताने फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करून घ्यावी. एवढे झाल्यावरच बॅटरी जोडावी.

परंतु गाडी चालू होण्यापेक्षा ती थांबणे अधिक महत्त्वाचे आहे, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. त्या काळच्या बहुतेक मोटारींत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरच्या आधीन असत, आणि त्यातील एक लहानसे रबरी वॉशर फाटले तर चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी निकामी होत. रबर वापराने झिजते तसेच ते नुसत्या काळानेही कडक होते. म्हणून ब्रेकमधील सर्व रबरी वॉशर आणि नळ्या, तसेच नक्षी शाबूत असली तरी जुने टायर, विनाविलंब नवे घालावेत. हल्लीच्या पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला बाधते. तेव्हा पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या असाव्यात, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

आता अंतिम आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत भरीव फेरफार न झालेल्या खासगी वाहनास विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती व इंधन भरणे यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या येण्याजाण्यास त्याचा उपयोग करण्यास मनाई आहे. डिलाइटच्या पहिल्या दशकातील गाड्यांनी आता ही पन्नाशी ओलांडली आहे. सरकारला जे मूलस्वरूप अभिप्रेत आहे तेच इतिहासाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे, कारण नवे इंजिन आणि आधुनिक डॅशबोर्ड बसविलेल्या जुन्या सांगाड्यावरून त्या काळच्या कारागिराचे कौशल्य आणि त्याच्या मर्यादा यांपैकी काहीच कळत नाही. जे सुरक्षिततेसाठी अवश्य आहे ते निःसंकोच बदलावे. जे केवळ जुने दिसते म्हणून खुपते, त्याला पहिले वर्षभर तरी हात लावू नये, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

अशा मोटारीचा मालक हा वस्तुतः तिचा विश्वस्त असतो. म्हणून माझी विनंती एवढीच की, आज तिच्यावर केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद एका वहीत ठेवा, आणि उद्या गाडी ज्याच्या हवाली कराल त्याच्या हाती किल्लीबरोबर ती वहीही द्या.