शेण किती, पाणी किती, वेळ कुणाचा?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



विद्यापीठाची मंडळी पुढच्या महिन्यात आपल्या गावांत येणार, हे कळलंच असेल. चूल, मोटर, दिवा यांतून हवेत जाणारा कार्बन शून्यावर कसा आणायचा, यावर त्यांना ‘महिला गटांसोबत’ संशोधन करायचंय. ‘सोबत’ हा शब्द त्यांच्याच पत्रातला आहे. तो आपण धरून ठेवायचा.

का, ते कर्नाटकातल्या पुरा गावावरून सांगते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९७४ साली खेड्यांसाठी ‘अस्त्र’ नावाचा विभाग काढला. प्रा. अमूल्य रेड्डी त्यामागचे मोठे शास्त्रज्ञ. या मंडळींनी पुरा गावात सगळ्यांचा मिळून एक गोबरगॅस बांधला, स्वयंपाकासाठी. पण गावातलं शेण सगळ्या घरांच्या दोन वेळच्या चुलीला पुरेना. आणि सरपण तर फुकट मिळत होतं! योजना बसली.

मग गावाला काय हवंय ते पुढे आलं. पाणी! १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली, पिण्याचं पाणी वर चढवलं, घरात दिवे लागले. इंजिनाला थोडं डिझेल लागायचंच, म्हणजे कार्बन अगदी शून्य नव्हता. पण गाडं चाललं. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे २ पैसे, शिवाय स्लरी परत.

आता आपलं बघू. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज जवळपास ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरांचं. किती जणींच्या दावणीला एवढी जनावरं आहेत? हात वर करा... बघा, किती थोडे हात! ही गोष्ट त्यांना तुम्हीच सांगायची.

आणि रोज सकाळी शेण-पाणी कालवणार कोण? प्रकल्पाच्या कागदावर हे काम कुणाच्याच नावावर नसतं. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला शिकवलं. फॉर्मपायी बाईची खुरपणीची मजुरी बुडते, ते मोजायला कुणी शिकवलं नाही. म्हणून वेळ आपण सांगायची. यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार, पैसा कुणाचा, हे आधी विचारायचं. आणि निष्कर्ष मराठीतून ग्रामसंघात वाचून दाखवायचे, हेही कबूल करून घ्यायचं.

सचिवताई, हे मुद्दे आजच्या इतिवृत्तात घ्या. गटाच्या अध्यक्षांनी घरटी जनावरं किती, सरपणाला आणि पाण्याला किती तास जातात, ते पुढच्या साप्ताहिक बैठकीत वहीत लिहून ठेवा. वह्या गोळा करायला मी शनिवारी येते.