वर्गणी थांबली की फाइल कुणाची?



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझा पगारही लोकांनी दरमहा भरलेल्या वर्गणीतूनच येतो, तेव्हा आज मी थोडा माझ्याच धंद्याविरुद्ध बोलणार आहे.

मे २०१३मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केलं, की फोटोशॉप, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. तेव्हापासून आपली तक्रार एकच, खर्च परवडत नाही. खरी आहे ती. पण पैसे भरूनही दार बंद होऊ शकतं, त्याचं काय?

जुलै २०२५ आठवा. नायरा एनर्जी ही गुजरातमधल्या वाडीनारची तेलशुद्धीकरण कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची सुमारे ४९ टक्के भागीदारी. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिचं ईमेल आणि टीम्स बंद केलं. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतातली, आणि तिच्या म्हणण्यानुसार परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली. तिच्याकडे वकील होते. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाकडे किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाकडे कोण आहे?

आपल्याकडे तर निर्बंधांचीही गरज नाही. संस्थेचं खातं एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर असतं. त्याला दुबईत नोकरी लागते, त्याचं कार्ड बंद होतं, आणि विद्यार्थ्यांची यादी, अंकांच्या फाइली सगळं अडकतं. इनडिझाइनची फाइल तुमच्याच हार्डडिस्कवर असते, पण वर्गणी संपली की इनडिझाइन ती उघडत नाही.

यावर क्रॅक कॉपी हा उपाय नाही. ती चोरी तर आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरसही घरात येतो.

मी वर्गणी बंद करा असंही म्हणत नाही. तीन महिन्यांच्या कामाला ती स्वस्तच पडते. फक्त प्रत्येक अंक छापून झाला की त्याची पीडीएफ आणि आयडीएमएल प्रत काढा. आयडीएमएल फुकटच्या स्क्रायबसमध्ये उघडते. मांडणी थोडी हलेल, मजकूर वाचेल. याद्या ओडीएस किंवा सीएसव्हीमध्ये ठेवा, मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये. खातं संस्थेच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड दोघांकडे असू द्या.

आणि येत्या रविवारी एक करून बघा. मागच्या वर्षीची एखादी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर नाही, तिथे ती उघडते का ते पाहा.