तिसऱ्या दिवशीची सुई
(महिला संघाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला भामरागडकडच्या कामाविषयी बोलायला सांगितलं आहे. त्या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल मी बोलणार आहे, ती म्हणजे डुकराची पिलं. जेवण अजून व्हायचं आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा सांभाळून बोलेन.

आपल्याला डुक्कर म्हटलं की उधळ्या पुत्र आठवतो. तो डुकरं चारायला लागला म्हणजे अगदी तळाला गेला, असं आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो. माडिया घरात हे चित्र बसत नाही. तिथे डुकरीण म्हणजे घरातली शिल्लक. आजाऱ्याला अहेरीला न्यायचं गाडीभाडं, मुलीची आश्रमशाळेची पेटी, लग्नातलं जेवण, हे एकेका वेतातून निघतं. वेतातल्या नऊ पिलांपैकी चार गेली, तर यातलं काय गेलं ते त्या घरालाच कळतं.

गेल्या वेळी मी हे बोलले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी प्रेमाने विचारलं, "ताई, पिलांच्या वाढीसाठी आणि प्रतिकारशक्तीसाठी पावडरीचे डबे मिळतात, ते पाठवू का?" त्याचं उत्तर द्यायला आज उभी आहे. डबे नंतर. आधी चीक, ऊब आणि लोह.

चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. पिलाला मात्र चीक म्हणजे पहिली लस. माणसाच्या बाळाला आईची रोगाशी लढणारी द्रव्यं पोटात असतानाच वारेतून मिळू लागतात. डुकरिणीची वार ती जाऊ देत नाही. पिलू जन्मतं ते याबाबतीत रिकाम्या हाताने, आणि चिकातली द्रव्यं आतड्यातून रक्तात शिरतात ती पहिल्या साधारण 24 तासांतच. मग ते दार बंद होतं. त्यानंतर कितीही महाग पावडर दिली तरी ते उघडत नाही. म्हणून आमच्या पशुसखी सांगतात, डुकरीण रात्री व्यायली तर रात्रीच जागा. दांडगी पिलं पोटभर प्यायली की त्यांना तासभर टोपलीत ठेवा आणि बारक्यांना पुढच्या सडांना लावा, कारण पुढच्या सडांना दूध जास्त असतं. नव्या पिलाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्याला 32 ते 34 अंशांची ऊब लागते. कोपऱ्यात भाताचं कोरडं तणस आणि वाऱ्याला आडोसा. याला पैसे लागत नाहीत, माणूस लागतं.

आता लोह. इथे मला थोडा वेळ द्या.

पिलू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात 40 ते 50 मिलिग्रॅम लोह साठलेलं असतं. वाढीसाठी रोज लागतं सुमारे 7 मिलिग्रॅम, आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम 1. घरखर्च चालवणाऱ्या बहिणींना हा हिशेब मी समजावायला नको. आठवड्याभरात गाठोडं संपतं. त्याच आठवड्यात पिलाचं वजन दुप्पट होत असतं, म्हणजे रक्तही वाढायला हवं. मग कान फिके पडतात, केस राठ होतात, थोडं धावलं की धाप लागते, हगवण सुरू होते. दिसायला गुबगुबीत असलेलं पिलूसुद्धा एका सकाळी मेलेलं सापडतं. लोक म्हणतात नजर लागली.

जुन्या लोकांची पिलं कशी जगत होती, असं कुणी विचारेल. ती मातीत नाक खुपसून हिंडत होती, तिथली माती लाल, आणि माती खाता खाता लोह पोटात जात होतं. आता डुकरं कोंडून ठेवावी लागतात. ते बरोबरच आहे. मोकाट डुकरं पिकं उकरतात, उघड्यावरची घाण खातात, आणि त्यातून माणसाच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या जंताचं चक्र चालू राहतं. पण सिमेंटच्या फरशीवर माती नसते. त्यात सुधारित जातीची पिलं अधिक भरभर वाढतात, त्यांना लोहही अधिक लागतं. सुरजागडच्या डोंगरात लोखंडाची खाण आहे आणि त्याच एटापल्ली-भामरागडच्या पट्ट्यात पिलं लोहावाचून मरतात, हे मला अजून पचत नाही.

आईला लोह खाऊ घातलं तर दुधातून उतरेल, असं आपल्याला वाटतं. फारसं उतरत नाही. ते पिलालाच द्यावं लागतं: तिसऱ्या दिवशी मानेच्या स्नायूत लोहाची सुई, साधारण 200 मिलिग्रॅम. बाटलीवर एका मिलीत किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं आणि ते प्रत्येक बाटलीला सारखं नसतं, म्हणून पशुसखींना पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून आधी ते वाचायला शिकवलं, मग टोचायला. सुई मिळेपर्यंत, जिथे डुकरं कधी हिंडली नाहीत अशा जागेची लाल माती टोपलीभर गोठ्यात ठेवा, असंही सांगतो. बायकांना हे पटवायला फार बोलावं लागलं नाही. आरोग्यसेविका त्यांच्या स्वतःच्या पापण्या उलटून रक्त बघते. एका बाईने पिलाचा कान उजेडात धरला आणि म्हणाली, "याचंही आमच्यासारखंच आहे की."

दोन आठवड्यांनी पिलाला थोडं थोडं खाणं सुरू करतात. नुसता तांदळाचा कोंडा आणि पेज दिली तर पोट भरतं, पण मांस धरत नाही, आणि कोंड्यातलं जस्त अंगाला नीट लागत नाही, मग कातडी जाड होऊन खपल्या धरतात. त्यात भाजलेल्या सोयाबीनची भरड (कच्चं सोयाबीन पचत नाही) किंवा सुकटीचा चुरा, शेवग्याचा पाला, आणि जस्त असलेलं खनिज मिश्रण घालायचं. मीठ शंभर किलोला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही, आणि पाणी कायम समोर. खनिज मिश्रणाची पिशवी कुणाला द्यायची असेल तर जरूर द्या, ती उपयोगाची आहे.

डब्यांबद्दल माझं मत सांगते. जीवनसत्त्वं, ताकासारखे चांगले जंतू, यांचा फायदा होतो, पण चीक चुकलेल्या आणि रक्त नसलेल्या पिलाला ते तारत नाहीत. ज्या डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तो पाठवूच नका. वाढीच्या नावाखाली प्रतिजैविकं विकली जातात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही. आणि 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरला कुठलीच पावडर अडवत नाही. तिथे बाहेरचं जनावर लगेच कळपात न घेणं आणि खरकटं उकळून देणं, एवढंच हातात असतं.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. लोहाच्या बाटल्यांना बर्फ लागत नाही, त्या पशुसखीच्या घरात सावलीला राहतात. नेहमीच्या स्वाइन फीव्हरची लस मात्र थंडीतच न्यावी लागते, त्यासाठी दोन शीतपेट्या हव्या आहेत. बाटल्या, सुया, दोन पेट्या आणि खनिज मिश्रण हे मे अखेरपर्यंत तिथे पोहोचायला हवं, कारण पुढची बरीच वेतं पावसातच होणार आहेत. अर्पणाच्या पाकिटावर "पिलांचं लोह" एवढं लिहा, खजिनदारबाई वेगळं ठेवतील.