खेळाचा तास कुणी खाल्ला?

रानातून येऊन भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आमच्या बचत गटांचा नमस्कार.

आज आपण हप्ता, व्याज, कर्जफेड यावर बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या लेकींच्या हायस्कूलमधल्या एका तासाबद्दल. वेळापत्रकात त्याचं नाव असतं ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’. पोरं त्याला पीटीचा तास म्हणतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका अक्कांची लेक दहावी पास झाली. पेढे घेऊन दोघी बैठकीला आल्या. गुणपत्रिका हातोहात फिरली. मराठी, गणित, विज्ञान सगळं बघून झालं. खाली आरोग्य व शारीरिक शिक्षणापुढे ‘ए’ श्रेणी होती. एकीनं सहज विचारलं, “काय काय खेळलीस गं वर्षभर?” पोरगी हसली. म्हणाली, “कुठलं खेळणं काकू! त्या तासाला गणित घ्यायचे.”

आम्हीही हसलो. पण घरी जाताना मनात आलं, की न खेळता ‘ए’ मिळते, तर ही श्रेणी कशाची?

दहावीच्या परीक्षेत या विषयाला गुण नसतात, श्रेणी असते. ती टक्केवारीत धरत नाहीत. म्हणून शाळा त्याकडे बघत नाही आणि आपणही विचारत नाही. खरं तर या विषयात नुसती कवायत नाही. व्यायाम आहे, खेळ आहेत, योगासनं आहेत, आहार आहे, स्वतःच्या शरीराची काळजी आहे. वयात येणाऱ्या मुलीला जे कुणीतरी नीट सांगायला हवं, त्यातलं बरंच याच विषयात बसतं. घरी आपण लाजतो, शाळेत तास बुडतो. मग पोरीनं ते शिकायचं कुठं?

आम्ही काही जणी शाळेत गेलो. सर समजूतदार होते. त्यांनी आमच्यापुढं एक फाईल ठेवली. त्यात चिठ्ठ्या होत्या. “माझ्या मुलीला खेळायला लावू नये, तिची तब्येत नाजूक आहे.” “मुलगी मोठी झाली आहे, मैदानावर पाठवू नये.” खाली सह्या होत्या. त्यातल्या दोन सह्या आमच्याच गटातल्या बायांच्या होत्या. सर म्हणाले, “तास आम्ही खाल्ला हे खरं, पण वाढून तुम्हीच दिला.”

बायांनो, त्या दिवशी आम्हाला मान खाली घालावी लागली.

सहावी-सातवीपर्यंत आपल्या पोरी लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या खेळतात. पाळी सुरू झाली की आपणच म्हणतो, “आता बास.” मग ती बसते. पाळीचे चार दिवस बसते, नंतर महिनाभर बसते, आणि पुढं जन्मभर बसते. पाळीत खेळलं तर काही बिघडतं हा आपला गैरसमज आहे. हलका व्यायाम, चालणं, ताणाची आसनं यांनी उलट पोटदुखीला आराम पडतो. ज्या दिवशी फार दुखतंय त्या दिवशी तिला बसू द्या, तिनं स्वतः सांगावं. पण रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तास-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर “होतंय तसंच” म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी गोष्ट. त्याच शाळेत नववीतली एक मुलगी परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन पडली. घरच्यांनी दृष्ट काढली. आमच्या एका सदस्येनं आशाताईंना बोलावलं. मुलीचं रक्त तपासलं, तर 8.6 भरलं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 किंवा त्याहून जास्त हवं. ती कधीच का खेळत नव्हती, ते तेव्हा कळलं. तिला दम लागायचा. आपण तिला आळशी म्हणत होतो.

ही एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींमागे 59 मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे बाकावर दोघी बसल्या असतील, तर त्यातल्या एकीला तरी हा त्रास असू शकतो.

यावर शाळेत सोय आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची योजना आहे. बऱ्याच पोरी ती खिशात घालतात आणि वाटेत टाकतात. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, “मळमळतं.” उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच. डबा खाल्ल्यावर घ्यावी. शौचाला काळी होते, घाबरायचं कारण नाही. या गोळीनं पुढं मूल होत नाही अशी कुजबूज असते, ती साफ खोटी. वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका, कारण काही जंत आतड्याला चिकटून रक्तच पितात. अनवाणी फिरताना ते पायातून शिरतात, म्हणून रानात, परसाकडे जाताना पायात चप्पल हवी.

आणि ताटाचं काय? आपल्या घरी बाजरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, शेवग्याचा पाला आहे, हरभरा आहे. त्यावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर ते वाया जातं. चहा तासाभरानं घ्या. सगळ्यात मोठं म्हणजे पोरीला शेवटी जेवायला बसवू नका. उरलंसुरलं तिच्या वाट्याला आलं, तर गोळी एकटी काय करणार?

त्या मुलीला डॉक्टरांनी रोजची गोळी लावली. पण खरी अडचण वेगळीच निघाली. घरात तिच्यासाठी स्थळ बघत होते. “दहावी झाली की उजवून टाकू” म्हणत होते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बालविवाह कमी नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आम्ही पाच जणी तिच्या आजींकडं गेलो. कायद्याचं नंतर बोललो. आधी एवढंच विचारलं, “आजी, आठ रक्ताची पोर बाळंतपणाला तोंड कशी देणार? तुम्ही किती बाळंतपणं बघितलीत, तुम्हीच सांगा.” आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझी धाकटी भैन त्यातच गेली.” पुढं कुणाला काही बोलावं लागलं नाही. पोरगी आता दहावीत आहे. तीन महिन्यांनी रक्त 10.4 भरलं. अजून 12 व्हायचंय. स्थळाचं बोलणं सध्या थांबलंय. कायमचं थांबलं असं आम्ही म्हणणार नाही, आमचं लक्ष आहे. तुमच्या गावात असं काही कानावर आलं, तर 1098 हा नंबर लक्षात ठेवा, फोन फुकट लागतो.

कुणी म्हणेल, खेळून पोट भरतं का? आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे बघा. खो-खो आपल्या मातीतला खेळ. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघानं सुवर्णपदक आणलं आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. माण तालुका आपल्या माळशिरसला लागून, आपल्यासारखाच दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. दोघींनाही पुढं सरकारी नोकरी मिळाली.

प्रत्येक पोरगी पदक आणणार नाही, आणायलाही नको. पण पोलीस भरतीचा विचार करा. त्यात मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते, 50 गुणांची. भरती निघाली की पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागतात आणि महिन्याभरात गुडघे धरून बसतात. हेच नववीपासून मैदानावर सवयीनं झालं असतं, तर?

शाळेत शेवटी काय ठरलं ते सांगतो. आठवड्यातले दोन तास खेळालाच राहतील, परीक्षा जवळ आली तरी. मुलींना पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट घालून खेळायची मुभा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून कडी. बाईंच्या कपाटात पॅडचा डबा, तो भरायची जबाबदारी गटांची. मुली म्हणाल्या, “मैदानाच्या कुंपणावर पोरं बसतात, आम्हाला लाज वाटते.” म्हणून सुरुवातीचा महिनाभर आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं कुंपणाशी जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी सात मुली उतरल्या. आता वर्गातल्या तीन-चार सोडल्या तर सगळ्या उतरतात. आणि त्या दोन चिठ्ठ्या आमच्या बायांनी स्वतः जाऊन परत घेतल्या.

अजून सगळं झालेलं नाही. मैदानात दगड आहेत, खेळाचे शिक्षक पूर्णवेळ नाहीत. पण विचारायला आपण जाऊ शकतो. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत आठवीपर्यंतच्या मुलांसाठी पालकांना जागा असते आणि समितीत निम्म्या बाया असाव्यात असा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. हायस्कूलला पालक-शिक्षक संघ असतो. तिथं नवऱ्याला पाठवू नका, स्वतः जा.

पुढच्या बैठकीत बचतीची वही मिटली की प्रत्येकीनं तीन प्रश्नांची उत्तरं सांगायची. माझी लेक या आठवड्यात मैदानावर उतरली का? निळी गोळी तिनं गिळली का? तिचं रक्त शेवटचं कधी तपासलं? उत्तर माहीत नसेल तर लाजू नका. घरी जा, लेकीला जवळ बसवा आणि तिलाच विचारा.